मधुचंद्र आठ दिवसांनी गेला तर बिघडले कुठे?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईला तोंड फुटते, आणि मग पंधरा-वीस दिवसांतच दवाखान्यात एक ठराविक जोडी दिसू लागते. मुलीच्या हातावरची मेंदी अजून पुरती उतरलेली नसते, हिरवा चुडा तसाच असतो, आणि नवरा शेजारी मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला असतो. तक्रारीही ठरलेल्या. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, पोट बिघडलेले, पाळीचे चक्र विस्कटलेले. कुठे गेला होता, असे विचारले की उत्तर येते, "लग्न गोव्यात केलं, डॉक्टर, आणि तिथूनच परस्पर मनालीला गेलो."

हे 'परस्पर' जाणे हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

गावातले कार्यालय सोडून दूरच्या रम्य ठिकाणी जाऊन लग्न करायचे, याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात हे आता वाचकांना सांगायला नको. मुंबई-पुण्याकडचे हे लोण आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचले आहे. कोणी लोणावळ्याला जातो, कोणी अलिबागला, कोणी गोव्याला, आणि ऐपत असली तर उदयपूरला. लग्नावर किती खर्च करावा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. डॉक्टरने व्याह्यांच्या पाकिटात डोकावू नये. माझा आक्षेप लग्नाच्या जागेला नाही. त्या लग्नाच्या शेपटाला मधुचंद्र बांधून टाकण्याला आहे. एवीतेवी निम्म्या वाटेवर आलोच आहोत, रजा एकदाच मिळते, तिकिटाचे पैसे वाचतात, ही त्यामागची कारणे. तिन्ही खरी आहेत. पण या हिशेबात ज्या दोन जिवांना जायचे आहे त्यांच्या प्रकृतीचा रकानाच कोणी मांडलेला नसतो.

आधीच दमलेले शरीर

परगावच्या लग्नात तीन दिवसांत नवरा-नवरीच्या वाट्याला काय येते ते पाहा. पहिल्या दिवशी आठ-दहा तासांचा प्रवास, रात्री संगीताचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मेंदी, हळद, फोटो, पुन्हा जागरण. तिसऱ्या दिवशी लग्न. नवरी पहाटे चारला उठून केस करायला बसते, मुहूर्त टळेपर्यंत धड खात नाही, आणि भरजरी साडीत स्वच्छतागृहात जाणे अवघड म्हणून पाणीही पीत नाही. नवरदेवाला मित्र रात्री झोपू देत नाहीत. जेवण रोजचे नसते, पाणी वेगळे असते, आणि शंभर माणसांच्या सर्दी-खोकल्याशी गळाभेट झालेली असते. अशा अवस्थेत दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान गाठायचे! ज्या माणसाला खरे तर दोन दिवस वरणभात आणि झोप हवी, त्याला आपण बर्फात उभे करून फोटो काढतो.

आपल्या जुन्या रिवाजात या ठिकाणी एक सोय होती. लग्नानंतर सत्यनारायण, मग जेजुरी, तुळजापूर किंवा जे कुलदैवत असेल तिथे जोडीने दर्शन, मग मांडवपरतणीला माहेरी. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून तिची धाकटी बहीण नाहीतर आत्या असायची. या रीतीत नवीन सुनेला कष्ट नव्हते असे मी म्हणणार नाही. पण मधले चार-आठ दिवस मिळायचे. झोप भरून निघायची, नवरा कसा बोलतो-चालतो हे कळायचे. गृह्यसूत्रांतसुद्धा विवाहानंतर निदान तीन रात्री वधूवरांनी ब्रह्मचर्य पाळावे असे सांगितले आहे. त्यामागचा हेतू धार्मिक असेल, परंतु वैद्यकीयदृष्ट्या त्यात वावगे काहीच नाही.

ही निव्वळ 'उन्हाळी' नव्हे

नव्या नवरीला लघवीला जळजळ होऊ लागली की घरातल्या बायका "उन्हाळी लागली" म्हणतात आणि धण्याचे पाणी देतात. धण्याचे पाणी प्यायला हरकत नाही, पोटात पाणी तरी जाते. पण या दिवसांतली जळजळ बहुतेक वेळा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची असते. इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराला चक्क मधुचंद्राचेच नाव दिलेले आहे, इतका तो या काळात ठरलेला. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो आणि गुदद्वाराच्या जवळ असतो. शरीरसंबंधाच्या वेळी तिथले जंतू सहज वर मूत्राशयात जातात. त्यात प्रवासात पाणी कमी पिणे आणि लघवी तुंबवून धरणे यांची भर पडली की संसर्गाला आयतेच निमंत्रण. आपल्याकडे हमरस्त्यावर स्त्रियांसाठी स्वच्छ मुतारी मिळणे किती कठीण आहे हे वेगळे सांगायला नको.

याला उपाय साधे आहेत. पाणी भरपूर प्यावे, लघवी दाबून धरू नये, संबंधानंतर लगेच लघवी करून घ्यावी, आणि स्वच्छता करताना हात पुढून मागे न्यावा. सुगंधी साबण आणि फवारे त्या जागी वापरू नयेत. तरीही जळजळ, वारंवार लघवीला जावे लागणे, ओटीपोटात दुखणे सुरू झाले तर डॉक्टरकडे जाऊन लघवी तपासून घ्यावी आणि औषध ठरलेले दिवस पुरते घ्यावे. थंडी वाजून ताप आला, कमरेत बाजूला दुखू लागले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा; मग सहलीचे उरलेले दोन दिवस बुडाले तरी चालतील.

यात मुलीचा काही दोष नाही, तिला आधीपासून काही रोग होता असेही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण जळजळीपेक्षा सासरच्या नजरेला घाबरून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या दवाखान्यात येतात तेव्हा ताप १०३ वर गेलेला असतो.

पाळी पुढे ढकलण्याचा खेळ

हॉटेलची तारीख वर्षभर आधी ठरते, गुरुजींना विचारले जाते, फोटोवाल्याला विचारले जाते. मुलीच्या पाळीची तारीख मात्र कोणी विचारात घेत नाही. मग लग्नाच्या आठवडाभर आधी आई दुकानातून गोळ्या आणते. नॉरइथिस्टेरॉन या औषधाची ही गोळी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे लग्नाच्या दिवशी गोळी थांबवली तर पाळी बरोबर मधुचंद्राच्या दुसऱ्या दिवशी हजर. म्हणून गोळी आणखी आठ दिवस ओढली जाते. मग मळमळ, छाती जड होणे, पोट फुगणे, मधेच रक्तस्राव हे त्रास होतात आणि घरी आल्यावर अंगावरून जास्त जाते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल किंवा तीव्र अर्धशिशी असेल, तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. आणि दुसरी गोष्ट, जी निम्म्या जोडप्यांना ठाऊक नसते: पाळी लांबवण्यासाठी घेतलेल्या या गोळीवर गर्भ राहू नये म्हणून विसंबता येत नाही.

लग्न आणि सहल यांत अंतर ठेवले की हा खेळ बऱ्याच अंशी टळतो. सहलीची तारीख पाळीचा अंदाज घेऊन ठरवता येते. आणि पाळी आलीच तरी काय बिघडले? तो आजार नाही, विटाळ तर नाहीच. चार दिवस गप्पा माराव्यात, समुद्र पाहावा. बायकोच्या पोटात दुखते तेव्हा गरम पाण्याची पिशवी भरून देणारा नवरा तिच्या जन्मभर लक्षात राहतो.

निघण्याआधीचा विचार

पुण्या-मुंबईचीच नव्हे, साऱ्या देशाची वाट मळून देणारे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्याला शंभर वर्षे होत आली, तरी आपली सुशिक्षित मुले मधुचंद्राची बॅग भरताना गॉगल विसरत नाहीत आणि हा विषय विसरतात. आल्यावर पाळी चुकली की धावपळ. सासूबाईंना गोड बातमी हवी असते, मुलीला परीक्षा द्यायची असते, मुलाची नोकरी कच्ची असते. मूल केव्हा हवे हे दोघांनी लग्नाआधीच बोलून ठेवावे आणि लग्नाच्या दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे.

निरोध हे नवपरिणीतांसाठी सर्वांत सोपे साधन, आणि त्याने गुप्तरोगांपासूनही संरक्षण मिळते. रोज घ्यायच्या गोळ्या पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केल्या तर लगेच संरक्षण मिळते, मधेच सुरू केल्या तर पहिले सात दिवस निरोधही वापरावा लागतो. दोन महिने हाताशी असतील तर याच गोळ्यांच्या आधारे डॉक्टर पाळीची तारीखही जुळवून देऊ शकतात. मात्र घाटात गाडी लागून गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी गेलीच म्हणायची. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी ही अडीअडचणीसाठी आहे. सहलीत रोज घेण्याचे ते औषध नव्हे.

आणि मूल लगेच हवे असेल तर? तर मुलीने लग्नाच्या महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. गर्भाच्या पाठीच्या कण्यातले दोष त्याने बरेच टळतात. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. साखरपुड्याच्या फोटोत गोरी दिसणारी मुलगी कधी कधी नुसती फिकी असते. परदेशी जाणाऱ्यांनी तिथे झिका विषाणूची साथ आहे का हे विचारून घ्यावे. डासांवाटे पसरणारा हा रोग शरीरसंबंधातूनही जातो आणि गर्भाला घातक ठरतो. तो काही फार दूरचा नाही. २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आणि २०२४ साली पुणे शहरात त्याचे रुग्ण सापडले होते.

डोंगर, बंद खोली आणि समुद्र

आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे, १६४६ मीटर. लेह शहर सुमारे ३५०० मीटरवर आहे आणि विमान तिथे थेट नेऊन उतरवते. मनाली दोन हजार मीटरवर, पण तिथून रोहतांगला जाणारा माणूस काही तासांत चार हजार मीटरच्या जवळ पोचतो. वर हवा विरळ, शरीराला सवय नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही सुरुवात. अशा वेळी आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागू लागली, बोलणे असंबद्ध झाले, चालताना झोक जाऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता खाली उतरायचे. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांती हवी आणि दारू वर्ज्य. कापराची पुडी हुंगून रक्तातला प्राणवायू वाढत नाही. गोळ्या घ्यायच्या त्या आपल्या डॉक्टरांना विचारून, इथूनच.

आता विचार करा. चार रात्री जागलेली, रक्त कमी असलेली मुलगी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिथे नेली, तर डोकेदुखी थकव्याची की उंचीची हे कळायचे कसे? एका प्रवास कंपनीच्या माणसाने अशाच एका जोडप्याला, "पहिला दिवस वाया घालवू नका, पॅकेजमध्ये फिरणे धरलेले आहे," असे सांगितल्याचे मी ऐकले आहे. पैसे भरलेत म्हणून जीव धोक्यात घालायचा नसतो.

थंडीच्या ठिकाणी दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, आणि न्हाणीघरात हवेला वाट नसेल तर गॅसचा गिझर चालवू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. समुद्राचेही तसेच. दारू पिऊन, अंधार पडल्यावर किंवा लाल बावटा लावलेल्या जागी पाण्यात उतरू नये. घाटावरच्या माणसाला विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येतेच असे नाही. ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा.

पहिल्या रात्रीचे ओझे

आता जरा नाजूक बाब. गुलाबाच्या पाकळ्यांनी सजवलेली खोली, भरपूर भाडे आणि पाचच दिवस, यामुळे दोघांच्याही मनावर नकळत एक दडपण येते. एवढा खर्च केला तर सगळे घडलेच पाहिजे! दमलेल्या शरीराला हे दडपण झेपत नाही. पुरुषाला उत्तेजना येत नाही, मुलीला भीतीने वेदना होतात. पहिल्या दिवसांत हे अगदी सर्रास घडते आणि विश्रांतीने, बोलण्याने बहुतेकांचे आपोआप निवळते. पण तो घाबरून जाहिरातीतल्या चूर्णांच्या नाहीतर मित्राने दिलेल्या गोळ्यांच्या मागे लागतो, आणि ती आपल्यातच काही कमी आहे असे समजून रडत बसते. महिना-दोन महिन्यांत त्रास गेला नाही तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे यावे, यात लाजण्यासारखे काही नाही.

पहिल्या वेळी रक्तस्राव झाला नाही तर मुलीच्या चारित्र्याबद्दल शंका घेणारे महाभाग आजही आहेत. योनीपटल कोणाचे पातळ असते, कोणाचे ताणले जाणारे. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. आणि मुलगी नको म्हणाली तर नको. सप्तपदी झाली म्हणून तिचा होकार कायमचा मिळाला असे होत नाही. परक्या गावात, परक्या खोलीत, आठ दिवसांपूर्वी जेमतेम ओळख झालेल्या माणसाबरोबर असलेल्या मुलीला मागे फिरायलाही जागा नसते. म्हणूनच मला मधले आठ दिवस हवेत. थकवा घालवायला तर हवेतच, पण तिला हो किंवा नको म्हणण्याइतकी ओळख व्हावी म्हणूनही हवेत.

मग बेत कसा करावा?

रजेची अडचण मला मान्य आहे. रजा पंधरा दिवसांची असेल तर लग्नानंतरचे पाच-सहा दिवस घरी, मग सहल. रजा आठच दिवसांची असेल तर लांब जाऊच नये. दापोली, तारकर्ली, आंबोली, माथेरान, चिखलदरा ही ठिकाणे काय वाईट आहेत? मोटारींचा गोंगाट नको असेल तर माथेरानसारखे गाव नाही. लेह-काश्मीर पुढच्या वर्षी, पहिल्या वाढदिवसाला. आणि दूर जाण्याचे बुकिंग झालेच असेल तर निदान पहिले दोन दिवस कुठलाही कार्यक्रम ठेवू नये, असे प्रवास कंपनीला आधीच बजावावे.

बरोबरच्या पिशवीत तापाची गोळी, जलसंजीवनीची पाकिटे, गाडी लागण्याची गोळी, डास पळवणारे मलम, निरोध आणि रोजची चालू औषधे असावीत. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नये. पाणी उकळलेले किंवा सीलबंद, आणि रस्त्यावर कापून ठेवलेली फळे नकोत.

शेवटी वडीलधाऱ्यांना एक विनंती. लग्नाचा मांडव कुठे घालायचा हे तुम्ही ठरवलेत; मधुचंद्र केव्हा आणि कुठे हे त्या दोघांना ठरवू द्या. त्यातही आधी मुलीला विचारा. ती म्हणाली, "आधी चार दिवस झोपू दे," तर तिला आळशी म्हणू नका. वैद्यकीय सल्ला म्हणून मीही तेच सांगितले असते.